चार खणांचं गाणं

१. दुसरी यादी

"घरच्या घरी अल्बम करायचा झाला तर काय काय घ्यावं लागेल?" गाणी करणारी तरुण मंडळी भेटली की पहिला प्रश्न हाच. मग माइक कुठला, हेडफोन कुठले, माइक संगणकाला जोडायचा डबा कोणत्या कंपनीचा, अशी यादी लांबत जाते. ती यादी मीही केली होती. तिच्यातलं बरंचसं सामान घरात आलंही. एवढं करून माझ्या संगणकावर काय आहे? 'नवीन', 'नवीन २', 'नवीन शेवटचं' आणि 'नवीन शेवटचं खरंच' अशी चार फोल्डरं. पुरं झालेलं गाणं एकातही नाही.

म्हणजे घोडं सामानापाशी अडलेलं नव्हतं. 'ऑडॅसिटी'सारखं फुकट सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. अमेरिकन गायिका बिली आयलिश हिचा २०१९ मधला पहिला अल्बम तिचा भाऊ फिनियस याच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. 'घरात असलं काही होत नाही' हे वाक्य आता कुणी बोलू नये.

अडतं ते निवडीपाशी. एक हिशेब करून पाहू. समजा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बेस गिटारचे ३०० तयार आवाज आहेत. प्रत्येक आवाज २० सेकंद ऐकायचा म्हटलं तर ६,००० सेकंद लागतात, म्हणजे १०० मिनिटं. हे एका गाण्यातल्या एका वाद्याचं झालं. दहा गाण्यांत दर वेळी असंच केलं तर १,००० मिनिटं, म्हणजे १६ तास ४० मिनिटं नुसती ऐकण्यात जातात आणि तोवर बेसचा एक सूरही वाजवून झालेला नसतो. लग्नाच्या साड्या घ्यायला बसलं की शंभरावी साडी उलगडेपर्यंत पहिली कुठली आवडली होती ते कुणालाच आठवत नाही. तसं आपण आपलंच गाणं विसरून जातो.

म्हणून खरेदीच्या यादीआधी दुसरी यादी करावी. या अल्बममध्ये काय काय वापरायचं नाही, त्याची. तिला पैसे लागत नाहीत. मर्यादा घालून घेणं म्हणजे ज्या गोष्टीवर आपण हमखास घुटमळतो तिचा निकाल डोकं थंड असताना आधीच लावून टाकणं. मर्यादेचा याहून मोठा महिमा मला तरी आढळलेला नाही, पण एवढाही पुष्कळ आहे.

२. ट्रॅक म्हणजे काय?

पुढचं सगळं 'ट्रॅक' या शब्दावर उभं आहे, तेव्हा आधी तो समजून घेऊ. मेसमध्ये स्टीलचं खणांचं ताट मिळतं. एका खणात भात, एकात आमटी, एकात भाजी. आमटी खारट झाली तर तेवढी बदलून घेता येते, भाताला धक्का लागत नाही. सगळं आधीच कालवलेलं असतं तर ते जमलं नसतं. ट्रॅक म्हणजे असा एक खण. एका ट्रॅकवर गळा, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर तबला असं वेगवेगळं मुद्रण करायचं. गाताना चूक झाली तर पेटीला हात न लावता तेवढंच पुन्हा गायचं. सगळं मनासारखं झालं की खण एकत्र कालवून श्रोत्यापुढे ठेवायचे. या कालवण्याला मिक्सिंग म्हणतात.

आजच्या संगणकात असे शेकडो खण मिळतात. बीटल्सनी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम केला तेव्हा लंडनच्या ईएमआय स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रांवर काम चाले. सामान्य माणसाच्या घरात चार ट्रॅक यायला १९७९ साल उजाडलं. जपानच्या टीअॅक कंपनीने तेव्हा 'पोर्टास्टुडिओ १४४' हे यंत्र काढलं. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅसेटवर ते चार ट्रॅक मुद्रित करत असे.

साध्या कॅसेटवर चार ट्रॅक कसे मावले, हा मजेचा भाग आहे. कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. तिच्यावर चार बारीक पट्टे असतात. डाव्या-उजव्या स्पीकरसाठी दोन पट्टे 'ए' बाजूचे आणि तसेच दोन 'बी' बाजूचे. पोर्टास्टुडिओने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले. म्हणजे 'बी' बाजू गेली. शिवाय फीत दुप्पट वेगाने पळवली, कारण वेग वाढला की आवाज जास्त स्वच्छ उमटतो. आता हिशेब करा. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. वेग दुप्पट, म्हणून ती १५ मिनिटांत संपणार. 'बी' बाजू तर नाहीच. साठ मिनिटं विकत घ्यायची आणि पंधरा वापरायची! तरीही लोकांनी ते यंत्र आनंदाने घेतलं.

३. कोल्ट्स नेकमधली खोली

त्या लोकांत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन होता. १९८१-८२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत त्याने हे यंत्र मांडलं. तो तेव्हा चांगलाच नावाजलेला होता. 'बॉर्न टू रन' येऊन सहा वर्षं झाली होती, 'द रिव्हर' हा दुहेरी अल्बम गाजला होता. स्टुडिओ परवडत नव्हता असं मुळीच नाही. पण स्टुडिओत बसून गाणी रचायची त्याची सवय फार वेळ आणि पैसा खात होती. गाणी घरी पक्की करावी, कच्चं मुद्रण करून बँडला ऐकवावं आणि मगच स्टुडिओत जावं, एवढाच बेत होता. त्याच्या गिटारींची देखभाल करणाऱ्या माइक बॅटलनने यंत्र आणलं. माइक दोन, शुअर कंपनीचे एसएम ५७, कुठल्याही कार्यक्रमाच्या मंचावर दिसतात तसले.

चार खणांतले दोन गळा आणि गिटार यांतच भरून जात. ही दोन्ही तो एकदमच मुद्रित करत असे. उरत दोन. त्यांत माउथ ऑर्गन, दुसरी गिटार, स्वतःच्याच आवाजातली साथ, कुठे खंजिरी. मग हे सगळं आवाजाला घुमारा देणाऱ्या एका एको यंत्रातून पॅनासॉनिकच्या घरगुती टेपरेकॉर्डरवर उतरवलं. झालं मिक्सिंग.

पुढे बँडबरोबर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत हीच गाणी नीट मुद्रित करायचे प्रयत्न झाले. गाणी नीट झाली, पण कॅसेटवर जे होतं ते हरवलं. शेवटी ३० सप्टेंबर १९८२ ला जो अल्बम बाजारात आला तो त्या कच्च्या कॅसेटवरूनच केलेला होता. नाव 'नेब्रास्का', गाणी दहा. शीर्षकगीत १९५८ मधल्या एका खऱ्या हत्यासत्रावरचं आहे आणि ते खुनीच स्वतःच्या तोंडाने सांगतो.

आता ही गोष्ट 'बघा, साध्या यंत्रावर केवढं काम झालं' अशी सांगायची पद्धत आहे. मला ती अर्धीच पटते. त्याच कॅसेटवर आणखी एक गाणं होतं, 'बॉर्न इन द यू. एस. ए.' चार खणांत ते काही फुललं नाही. ते 'नेब्रास्का'त घेतलंही नाही. बँडबरोबर वाजवल्यावर मात्र ते असं उसळलं, की १९८४ मधल्या अल्बमला त्याचंच नाव मिळालं. खोली तीच, यंत्र तेच, माणूस तोच, आणि एका गाण्याला जी मर्यादा मानवली ती दुसऱ्याचा गळा आवळत होती. एकट्या, वाट चुकलेल्या माणसांच्या गोष्टींना एकटा आवाज आणि रिकाम्या दिवाणखान्यासारखा घुमारा शोभला. मिरवणुकीच्या गाण्याला मिरवणूकच लागते. त्यामुळे मर्यादा ठरवताना यंत्राकडे पाहण्याआधी आपली गाणी कशाबद्दल आहेत ते पाहावं.

४. खण भरले की काय करायचं?

चार खण भरले आणि अजून वाजवायचं राहिलं असेल, तर जुने लोक एक युक्ती करत. पहिल्या तीन ट्रॅकवर तीन वाद्यं मुद्रित करायची. ती एकत्र कालवून चौथ्या ट्रॅकवर उतरवायची. आता पहिले तीन पुसून पुन्हा वापरायला मोकळे. मग पहिल्या दोन ट्रॅकवर आणखी दोन वाद्यं घेऊन ती तिसऱ्यावर उतरवायची. पुन्हा दोन मोकळे, त्यांवर एकेक. मोजा. चौथ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, दुसऱ्यावर एक, पहिल्यावर एक. चार खणांत सात वाद्यं बसली.

याला दोन किमती मोजाव्या लागतात. फितीवरून फितीवर उतरवलं की दर वेळी खरखर थोडी वाढते, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखी. ही किंमत संगणकावर राहिलेली नाही. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. एकदा कालवलं की वेगळं करता येत नाही. तिसऱ्या दिवशी डफ मोठा वाटला, तरी तो आता पेटीत मिसळला आहे. म्हणजे डफ किती मोठा हवा ते गाणं अर्धवट असतानाच ठरवावं लागे, आणि ठरवायचं तर पुढे गाणं कसं होणार याचं चित्र डोक्यात असावं लागे.

संगणकाने आपल्याला 'अनडू' दिलं आणि हे चित्र बघायची गरजच काढून घेतली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चारच ट्रॅक उघडा. तीन भरले की एकत्र करून एक फाइल करा आणि मूळ तिन्ही खरोखर पुसा. पुसताना हात थरथरतो. पहिल्यांदा मी त्या फायली हळूच दुसऱ्या फोल्डरात ठेवल्या होत्या आणि अपेक्षेप्रमाणे परत परत तिथे जात राहिलो. मर्यादेत चोरवाट ठेवली की ती मर्यादा उरत नाही, एवढं त्या फोल्डराने मला शिकवलं.

५. गाण्याचा पोटमाळा

आता सामानाच्या मर्यादेचा दुसरा प्रकार पाहू. यात खण कमी करायचे नाहीत, एक नेहमीचा पदार्थच बाद करायचा.

इंग्लिश गायक पीटर गेब्रियलने १९८० मधल्या आपल्या तिसऱ्या अल्बमसाठी ठरवलं, की ड्रमवर झांज, म्हणजे सिंबल, वाजवायचीच नाही. यात काय विशेष, ते समजायला आवाजाची घराशी तुलना करू. बेस आणि मोठा ढोल तळमजल्यावर राहतात. माणसाचा गळा, पेटी, गिटार मधल्या मजल्यावर. झांजा, टाळ, घुंगरू यांचा बारीक चमकता आवाज पोटमाळ्यावर. पॉप गाण्यांत तो पोटमाळा झांजांनी सतत भरलेला असतो. इतका सतत, की तो आहे हेच आपल्याला कळत नाही. झांजा काढल्या आणि जागा रिकामी झाली. मग बाकीच्या आवाजांना तिथे चढायला मिळालं.

ड्रमवर फिल कॉलिन्स आणि जेरी मरोटा होते. 'इन्ट्रूडर' या गाण्यात कॉलिन्सच्या ड्रमचा घुमारा आधी फुगतो आणि मग कात्रीने कापल्यासारखा अचानक थांबतो. हे ऐकू येतं कारण वर झांजांची सळसळ नाही. ती असती तर कापलेली कडा झाकली गेली असती. हाच ड्रम कॉलिन्सच्या १९८१ मधल्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये आला आणि पुढे ते सबंध दशक त्या आवाजाने भरून गेलं. अमेरिकन गायक प्रिन्सने १९८४ मध्ये 'व्हेन डव्ह्ज क्राय' या गाण्यातून शेवटच्या टप्प्यावर बेस काढून टाकला. नाचायच्या गाण्याचा तळमजलाच गायब! गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग म्हणजे एखादी अभंगाची चाल टाळांशिवाय मुद्रित करणं. वारकरी मंडळी क्षमा करोत. पण टाळ गेले की शब्दांतले स, च, त ऐकू येऊ लागतात, पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. मग त्या रिकाम्या पोटमाळ्यावर काय ठेवायचं, की काहीच नाही, हे तुमच्या हातात येतं.

६. छंद, राग आणि आठवडा

इथवर यंत्रांबद्दल बोललो. रचनेच्या मर्यादा मात्र आपल्याला परक्यांकडून शिकायला नकोत.

मोठ्या अभंगाचं माप घ्या. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. या मापात घरच्या ध्वनिमुद्रणाचं वर्णन करायचं तर मला असं काहीतरी सुचलं:

दार लावलेले । पंखा बंद केला ।
माइक टांगला । खुंटीवरी ॥

काव्य म्हणून याला काही किंमत नाही. पण लिहायला किती वेळ लागला? चार मिनिटं. 'ध्वनिमुद्रणावर गाणं लिही' एवढंच कुणी सांगितलं असतं, तर मी संध्याकाळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो असतो. सहा अक्षरांच्या खोलीत 'ध्वनिमुद्रणयंत्र' शिरतच नाही. ते नाकारायचं काम छंदाने केलं.

चालीचंही तसंच. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. म आणि नी नाहीत. गंमत अशी, की देशकारातही हेच पाच स्वर आहेत. भूपात भर गंधारावर, देशकारात धैवतावर. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, दुसरा सकाळी. स्वर तेच ठेवून मुक्काम बदलला आणि राग बदलला. तेव्हा सहा गाण्यांना सहा वेगळ्या स्वरसमूहांची गरज आहे का, हे स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

वेळेची मर्यादा दोन तऱ्हेची. एक, गाणं किती लांब असावं. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत लांबणारं बालगंधर्वांचं पद आणि तासभर रंगणारा अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल, दोघांनाही त्याच तीन मिनिटांत बसावं लागलं. त्या तबकड्या आजही ऐकवतात. चीज पहिल्याच श्वासात उभी राहते. आलापीला वेळ नाही, तेव्हा प्रत्येक जागा मोजून घेतलेली.

दुसरी तऱ्हा म्हणजे गाणं केव्हापर्यंत पुरं व्हायला हवं. याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि आठवड्याला एक नवं गीत याप्रमाणे वर्षाहून थोडं जास्त चाललं. गीतं ५६. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. यात ठरलेलं काय काय होतं ते पाहा. कथा ठरलेली, तिचा क्रम ठरलेला, प्रसारणाचा वार ठरलेला. बहुतेक गीतं रामायणातल्या कुणा ना कुणा पात्राच्या तोंडची. मोकळं उरलं ते एवढंच, की हा प्रसंग हे पात्र कसं सांगेल आणि ते कोणत्या रागात शोभेल. 'आज कशावर लिहू?' या प्रश्नात त्या दोघांचा एकही आठवडा गेला नसणार. अर्थात ती माणसं माडगूळकर आणि फडके होती, हेही विसरू नये. त्यांच्याकडे तयारीचा साठा होता, आठवड्याने तो वेळेवर बाहेर काढला. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित केली, तेव्हाही त्यांच्यामागे हँबर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांमधल्या शेकडो रात्री होत्या.

आपल्यासारख्यांसाठी अमेरिकेत एक उपक्रम निघाला आहे. फेब्रुवारी महिन्यात २८ दिवसांत १४ गाणी लिहायची, दर दोन दिवसांना एक. लीप वर्षात एक दिवस वाढतो, म्हणून साडेचौदा.

७. पंखा, गोधडी आणि एक वीत

घराच्या स्वतःच्या मर्यादा आपण निवडत नाही. शेजारचा कुकर, रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावरचं मिक्सर. यांवर उपाय म्हणजे वेळ. दोन दिवस तासातासाला फोनवर एकेक मिनिट रिकामी खोली मुद्रित करा आणि हेडफोन लावून ऐका. आपल्या घराचा सर्वांत शांत तास कुठला ते कळतं. माझ्याकडे तो दुपारी अडीचचा निघाला. रात्री बाराचा असेल अशी माझी खात्री होती, पण रात्री फ्रिज बोलतो.

दुसरा शत्रू खोलीतला घुमारा. उघड्या भिंतींवरून आवाज चेंडूसारखा उसळून माइककडे परततो. मऊ, जाड, सुरकुतलेली वस्तू हा चेंडू झेलते. म्हणून गाणाऱ्याच्या मागे गोधडी टांगावी किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसावं. गोधडी बारीक, वरचे आवाज झेलते. ढोलासारखे खालचे आवाज तिला जुमानत नाहीत, ते तिच्यातून आरपार जातात.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि ती फुकट आहे. एक हात म्हणजे दोन वीत. माइकपासून हातभर अंतरावर असाल आणि वीतभर अंतरावर आलात, तर अंतर निम्मं झालं. तुमच्या गळ्यातून थेट माइकपर्यंत पोचणारी ऊर्जा मात्र साधारण चौपट होते. खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे खोली बदलली नाही, तरी ऐकणाऱ्याला ती लहान आणि शांत वाटते. फार जवळ गेलं की बहुतेक गाण्याच्या माइकांत आवाज जड, घोगरा लागतो, तेव्हा एक वीत बरी.

एकच माइक असेल तर याच नियमाने मिक्सिंगही होतं. गाणारा वीतभर, पेटी दोन हातांवर, डफ खोलीच्या दारात. पेटी मोठी वाटली तर बटण फिरवायचं नाही, पेटी मागे सरकवायची.

८. सहा गाणी, पाच रविवार

आता हे सगळं एका नमुन्यात घालू. अल्बमचा विषय एक जुनी इमारत. प्रत्येक गाणं तिच्यातलं एकेक माणूस स्वतः सांगतं, हे 'गीतरामायणा'कडून उसनं घेतलं. गाणी सहा, प्रत्येक तीन मिनिटांच्या आत. चार ट्रॅक. एक माइक. प्रत्येक ट्रॅकला तीनच प्रयत्न, तिसरा झाला की त्यांतला बरा ठेवायचा.

पहिला रविवार शब्द आणि चालींचा. सहाही गाणी फोनवर गुणगुणून ठेवायची, मग ती कितीही कच्ची असोत. पुढच्या तीन रविवारी दोन-दोन गाणी मुद्रित करायची. जमेल का? तीन मिनिटांचं गाणं, तीन प्रयत्न, म्हणजे एका ट्रॅकला नऊ मिनिटं. चार ट्रॅकना ३६. दोन गाण्यांना ७२ मिनिटं. गोधडी टांगणं, पेटी सरकवणं आणि मधला चहा धरून दुपार पुरते. पाचवा रविवार फक्त मिक्सिंगचा. सहा गाणी गुणिले चार ट्रॅक, २४ आवाज. एवढे डोक्यात मावतात.

एक गाणं लिफ्टमनचं घेऊ. चाल पाच स्वरांत. लिफ्ट मजल्यामजल्याने चढते, तशी चालही सा पासून ध पर्यंत चढते आणि उतरते. पहिल्या ट्रॅकवर गळा आणि पेटी एकत्र, अंतराने तोललेली. एकदम मुद्रित केली की लय आपोआप जुळते, टिकटिक लावायला लागत नाही. पुढचे ट्रॅक हेडफोनवर पहिला ऐकत करायचे, नाहीतर स्पीकरमधला जुना आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. दुसऱ्यावर मांडीवरचा ताल. तिसऱ्यावर हलक्या आवाजात दुसरा गळा, फक्त ध्रुवपदात. चौथा रिकामा. दोन दिवस तो तसाच राहिला, की त्या गाण्याला जाळीच्या दरवाज्याचा खडखडाट हवा आहे हे तुमच्या लक्षात येईल, आणि तो कोणत्याही तयार आवाजांच्या यादीत नाही, खाली लिफ्टपाशी आहे.

९. कोणती मर्यादा घेऊ नये

ज्या गोष्टीसाठी तुम्ही गाणं करता तीच बाद करणारी मर्यादा घेऊ नका. तबल्यावर प्रेम असलेल्या माणसाने तालवाद्याशिवाय अल्बम करण्यात शहाणपण नाही. ज्या ठिकाणी आपण वेळ दवडतो तिथे कुंपण घालावं. ते ठिकाण प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं तयार आवाजांच्या यादीत होतं, तुमचं कदाचित शब्दांत असेल.

एका वेळी तीन-चार मर्यादा खूप झाल्या. दहा घातल्या तर त्या पाळण्यातच जीव जातो, मग गाणं बाजूला आणि नियमावली पुढे. आणि मधेच एखादी खरोखर चुकीची वाटली, तर ती उघडपणे, सगळ्या अल्बमसाठी मोडा. स्प्रिंगस्टीननेही बँडबरोबर करून पाहिलंच होतं.

शेवटची चूक सर्वांत साधी आहे. निष्काळजीपणाला मर्यादा समजू नका. माइक एक असणं ही मर्यादा, त्याची वायर सैल असणं हा आळस. आवाज फार बारीक मुद्रित केला तर पुढे वाढवताना खरखरही त्याच्याबरोबर वाढते. 'नेब्रास्का'ची कॅसेट तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांना याच जातीच्या अडचणींशी बराच झगडा करावा लागला होता. वर ती कॅसेट स्प्रिंगस्टीन जीन्सच्या खिशात, डबीशिवाय घेऊन फिरत होता. आख्ख्या अल्बमची तीच मूळ प्रत. त्याची कॅसेट वाचली. तुमच्या गाण्यांची दुसरी प्रत मात्र प्रत्येक रविवारी संध्याकाळी, माइक खुंटीवरून काढायच्या आधी, पेन ड्राइव्हवर करून ठेवा.